कोपऱ्यापर्यंतची बातमी

बातम्यांचे माझ्या लेखी दोनच प्रकार. पहिल्या प्रकारातल्या बातम्या खऱ्या की खोट्या हे आपल्याला या जन्मी कळायचं नसतं. शिखर परिषदेत नेमकं काय ठरलं, बाजार कशामुळे घसरला, अमक्या नटाचं तमकीशी का बिनसलं, हे सगळं विश्वासावर घ्यायचं. दुसऱ्या प्रकारातली बातमी तपासायची तर पायांत चपला सरकवून कोपऱ्यापर्यंत जायचं, बस्स. गटार साफ झालं म्हणतात; झालं का? दिवा लागला म्हणतात, लागला का? पहिला प्रकार वर्तमानपत्रं आणि वाहिन्या मुबलक पुरवतात. दुसरा फक्त नगरसेवक पुरवतो, आणि तोही स्वतःच्या फोटोसकट.

हे तत्त्वज्ञान मला अंबत्तूरला राहून सुचलं. अंबत्तूर म्हणजे चेन्नईचं पश्चिमेकडचं उपनगर. मराठी माणसानं नाव ऐकलेलं नसतं, पण पाटी बहुतेकदा पाहिलेली असते. मुंबईहून निघालेली गाडी अरक्कोणम सोडते, लोक चादरींच्या घड्या घालायला लागतात, कुणीतरी बर्थखालून चप्पल शोधत असतं आणि खिडकीतून जी स्टेशनं भराभर मागे पडतात त्यांतलं एक अंबत्तूर. ज्यांनी ती गाडी कधी पकडली नाही, त्यांनी निदान सायकल चालवली असेल. हर्क्युलिस आणि बीएसए सायकली काढणारी टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ साली इथेच उभी राहिली. पुढे १९६४ मध्ये मोठी औद्योगिक वसाहत झाली. तिला इथे सगळे नुसतं ‘एस्टेट’ म्हणतात. आमचं बस्तानही या एस्टेटमधल्या नोकरीपायीच इकडे आलं.

अंबत्तूरची आपली स्वतःची नगरपालिका होती. २०११ साली ती चेन्नई महापालिकेत विलीन झाली आणि अंबत्तूर हे सातवं परिमंडळ झालं, वॉर्ड ७९ ते ९३. आमचा वॉर्ड यांतला कोणता ते सांगत नाही, कारण आमच्या कौन्सिलर अक्कांबद्दल मला पुढे थोडं मोकळेपणानं लिहायचं आहे. इथली जुनी मंडळी अजूनही ‘नगरपालिका होती तेव्हा’ असं वाक्य सुरू करून सुस्कारा टाकतात. पुण्याच्या समाविष्ट गावांतला माणूस आणि इथला म्हातारा समोरासमोर बसवले, तर भाषा न येताही त्यांचं तासभर छान जमेल.

तर अक्कांचं पत्रक. आमच्या इमारतीत जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी एक फळा आहे, त्यावर ते मधूनमधून लागतं. वर पक्षाचे नेते, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे लहानमोठे. खाली हात जोडलेल्या अक्का. मजकूर सगळा तमिळमध्ये. मला तमिळ अक्षरं येतात, पण एकेक करून येतात. त्यामुळे बाकीची इमारत ज्या पत्रकावरून एक नजर फिरवून दूध आणायला जाते, ते मी मारुतीस्तोत्राच्या निष्ठेनं ओळ न ओळ वाचते. पावसाळी गटारातला गाळ काढला. दोन गल्ल्यांत नवे एलईडी दिवे. मंगळवारी डासांच्या धुराची गाडी. भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस. मालमत्ताकर सहामाहीच्या सुरुवातीलाच भरल्यास ५ टक्के सूट. बागेतल्या व्यायामाच्या यंत्रांची दुरुस्ती लवकरच. डोळे तपासणी शिबिर. यातली एकही बातमी आमच्या गल्ल्या ओलांडून पुढे जात नाही, आणि एकही अशी नाही की जिच्यावाचून आमचा आठवडा वेगळा गेला नसता.

तपासणीचं खातं तळमजल्यावरच्या मामांकडे आहे. कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर गुणवत्ता तपासणी केलेली. हात रिकामे आहेत, नजर नाही. पत्रक लागलं की मामा संध्याकाळी काठी घेऊन निघतात. काठी आधाराची नाही, मोजमापाची. पावसाळी गटारावरच्या फरशीला पाणी आत जायला भोक असतं, त्यातून ते काठी सरळ खाली सोडतात, तळाला टेकली की किंचित फिरवतात आणि वर काढून ओल्या चिखलाच्या रेघेवर अंगठा ठेवतात. मग तो अंगठा तसाच धरून घरापर्यंत येतात, कारण टेप घरी असते. एकदा ‘गाळ काढला’ या बातमीवर त्यांचा अंगठा तीन इंचांवर आला. मामांनी भांडण केलं नाही. त्यांनी अक्कांच्या कार्यालयात जाऊन काठी फक्त टेबलाला टेकवून ठेवली आणि तब्येतीची चौकशी केली. पुढच्या पत्रकात ‘गाळ बहुतांशी काढला’ असं छापून आलं. तो ‘बहुतांशी’ आमच्या इमारतीत आजही मामांचा म्हणून ओळखला जातो.

कुत्र्यांची बातमी तपासणं त्या मानानं सोपं. लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा ठिपका मारतात. मोहिमेनंतर आमच्या गल्लीतली कुत्री रंगपंचमी खेळून आल्यागत फिरत होती आणि दुधाच्या बूथजवळचा तो एक लबाड काळा तेवढा कोराच्या कोरा. तो कुठल्या कुठे लपला होता कुणास ठाऊक. पत्रकात ‘सर्व कुत्री’ होतं. मामी म्हणाल्या, त्या कुत्र्याला पत्रक आधी वाचायला मिळालं असणार.

नगरसेवक नसला म्हणजे काय होतं, हेही चेन्नईनं पाहिलं आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक कोर्टकचेरीत अडकली आणि साडेपाच वर्षं भिजत घोंगडं पडलं. कारभार अधिकारी बघत होते. दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. पण कोपऱ्यापर्यंतची बातमी बंद झाली होती. तक्रारीला १९१३ हा दूरध्वनी क्रमांक होताच. (महापालिकेची ती पांढरीशुभ्र रिपन बिल्डिंग उघडली गेली तेही १९१३ सालीच. फोन लावताना इतिहासाची उजळणी होते.) फोनवर तक्रार नोंदवता येते, पण फोनच्या टेबलाला काठी टेकवून ठेवता येत नाही.

नेमक्या याच काळात २०१९ चा उन्हाळा आला. चेन्नईला पाणी देणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले. रात्री दोनला टँकरचा आवाज आला की जिन्यावर घागरींची रांग लागायची. इथे घागरी प्लॅस्टिकच्या, रंगीबेरंगी, आणि त्या कमरेवर घेण्यात तमिळ बायकांची जी सहजता आहे ती मला अजून साधलेली नाही. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली. ५० वाघिणी, २५ लाख लिटर पाणी. ती आमच्या अंबत्तूरवरून पुढे विल्लिवाक्कमला जायची. लोक रुळांकडेला उभे राहून पाण्याकडे बघायचे आणि पाणी त्यांच्याकडे न बघता पुढे निघून जायचं. मला लातूर आठवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला अशीच ‘जलदूत’ धावली होती, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. मी मामींना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘त्यात पाणी कुठल्या नदीचं होतं?’ मी म्हटलं, ‘कृष्णेच्या बाजूचं.’ मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांचा मूळचा संशय पक्का झाला.

हा संशय जुना आहे. आम्ही इथे नवीन असताना त्यांनी माझं गाव विचारलं होतं. वाई म्हटल्यावर त्यांना काही बोध झाला नाही. नदी कुठली? कृष्णा. झालं! चेन्नईत ‘कृष्णा वॉटर’ हा शब्द न ऐकलेलं शेंबडं पोरही सापडणार नाही. १९७६ साली करार झाला की महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांनी आपापल्या वाट्यातून ५-५ टीएमसी पाणी मद्रासला प्यायला द्यायचं. एकूण १५, वाटेतल्या बाष्पीभवनाचे ३ वजा जाता आंध्रच्या सरहद्दीवर १२. श्रीशैलमच्या जलाशयातून सोमशिला, तिथून कंडलेरू, मग १७७ किलोमीटरचा कालवा आणि पूंडीचा तलाव. पूंडीतलं पाणी पुढे पुळलला, म्हणजे रेड हिल्सच्या तलावात येतं, आणि तो तलाव आमच्या अंबत्तूरच्या उत्तरेला उशाशीच आहे. महाबळेश्वराला गोमुखातून पडणारं ते पाणी हेच, असं म्हणता येणार नाही हे मला कळतं. हा हिशोब कागदावरच्या वाट्याचा आहे. पण हे बारकावे घागर रिकामी असलेल्या बाईला कोण सांगणार? नळाला धार बारीक आली की जिन्यात कुणीतरी मला हटकतंच, ‘काय, यंदा तुमच्याकडून सोडलं नाही वाटतं?’ आणि मीही आता निर्लज्जपणे सांगते, ‘भावाशी बोलते.’ वाईच्या घाटावर गौरी-गणपतीत पाय बुडवणाऱ्या बाईला सासरी असा मान मिळेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी घाटावरच जास्त काळ बसले असते.

याच कराराबद्दल आणखी एक. १९७६ ला कबूल झालेलं ते पाणी पूंडीत पोचलं १९९६ साली. नगरसेवकाच्या ‘लवकरच’ला हसणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा. बागेतली यंत्रं त्या मानानं फार लवकर दुरुस्त झाली.

१९ फेब्रुवारी २०२२ ला एकदाची निवडणूक झाली. २ मार्चला २०० नगरसेवकांनी शपथ घेतली, निम्म्या जागा बायकांना राखीव. ४ मार्चला आर. प्रिया ही २८ वर्षांची मुलगी महापौर झाली. गल्लीत फटाके. मी आनंदानं पुण्याला धाकट्या भावाला फोन केला, तर तिकडे सुतक. त्याच मार्चमध्ये मुंबईची मुदत संपून तिथे प्रशासक बसला आणि आठवड्याभरात, १४ मार्चला, पुण्याचीही संपली. म्हणजे इकडे नगरसेवक आले आणि तिकडचे गेले. भाऊ म्हणाला, ‘ताई, आमचेच तुमच्याकडे पाठवलेत की काय?’ मी म्हटलं, ‘पाणी आम्ही पाठवलं म्हणतात, नगरसेवक तरी तुम्ही पाठवू नका.’ पुढची पावणेचार वर्षं तो मला फोन करून आमच्या वॉर्डाच्या बातम्या विचारायचा. स्वतःच्या वॉर्डाच्या बातम्या नसल्या की माणूस दुसऱ्याच्या वॉर्डात मन रमवतो. मामांचा ‘बहुतांशी’ त्याला पाठ आहे.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तमिळनाडूत ‘एरिया सभा’ सुरू झाल्या. वॉर्डाचे आणखी लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यातल्या माणसांनी नगरसेवकासमोर बसून बोलायचं. मुख्यमंत्री स्टालिन स्वतः तांबरम महापालिकेतल्या पम्मलच्या सभेला जाऊन बसले. ‘क्षेत्रसभा’ या नावानं हीच गोष्ट महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून लिहिलेली आहे. आमच्या भावाला मी ती तुमच्याकडे कुठे भरते असं विचारलं, तर त्याला वाटलं मी शेतकी खात्याविषयी बोलते आहे.

आमची सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक माइक, तो बंद पडल्यावर दुसरा माइक. टेबलामागे अक्का, शेजारी इंजिनिअर, त्याच्या शेजारी त्याच्या हाताखालचे, आणि भिंतीला टेकून उभा असलेला एक वाळकासा लाइनमन. मामी बोलायला उठल्या त्या हातात बाटली घेऊन. बाटलीत नळाचं पाणी, रंग फिक्या चहाचा. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि आर्जवानं म्हणाल्या, ‘कुडिंग.’ म्हणजे, घ्या ना, प्या. हॉलमध्ये एकदम शांतता. अक्का हुशार. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, मान हलवली आणि इंजिनिअरकडे दिली. इंजिनिअरनं झाकण उघडून पाहिलं, हाताखालच्याकडे दिली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे दिली. अशी ती बाटली हुद्द्याची एकेक पायरी उतरत शेवटी लाइनमनच्या हातात आली. त्यानं नाकाजवळ नेऊन एकदाच वास घेतला आणि म्हणाला, ‘हा चौथ्या क्रॉसचा जोड.’ मग बाटली कडेच्या कुंडीत रिकामी केली आणि मामींना परत दिली. बाटली चांगली होती.

दोन दिवसांत चौथ्या क्रॉसला खड्डा खणला गेला, जोड बदलला, पाणी स्वच्छ आलं. पुढच्या पत्रकात बातमी होती, ‘कौन्सिलर यांच्या अथक प्रयत्नांनी’. त्यांचे प्रयत्न होते, नाही असं नाही. त्यांनी बाटली पुढे दिली नसती तर ती त्या नाकापर्यंत पोचली नसती. पण मला तेव्हापासून पत्रक वाचताना प्रत्येक ओळीमागचं ते नाक शोधायची सवय लागली आहे. दिव्यांच्या ओळीमागे शिडीवरचा पोरगा. डासांच्या ओळीमागे ती टॉर्चवाली.

ही टॉर्चवाली महापालिकेची कामगार, घरोघर डासांच्या अळ्या शोधत हिंडते. आमच्याकडे येते तेव्हा ‘चहा घेता का’ या प्रश्नाला ती उत्तर देत नाही, थेट फ्रिजच्या मागे जाते. तिथे खाली पाणी साचायचा ट्रे असतो, हे फ्रिज घेऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मनी प्लांटच्या बाटलीत टॉर्च मारते, गच्चीवरच्या टाकीचं झाकण दाबून बघते, करवंटी दिसली की पायानं पालथी करते. मग दाराच्या मागे चिकटवलेल्या कार्डावर तारीख घालून सही करते आणि चालू पडते. घरच्यांनी वर्षभर डोळ्यांआड केलेल्या वस्तू ती दोन मिनिटांत बघून जाते. सासूबाईंनी पूर्वी अशीच तपासणी केली होती, पण त्यांनी सही केली नव्हती.

कधीकधी कोपऱ्यापर्यंत जाणंच शक्य होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं तेव्हा एस्टेट आणि पट्टरवाक्कमचा भाग दिवसचे दिवस पाण्यात होता. इकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. आपण दिवाळीचे कंदील काढतो तेव्हा हे लोक छत्र्या काढतात, याची सवय व्हायला मराठी माणसाला काही दिवाळ्या जातात. त्या आठवड्यात पत्रक नव्हतं, फोटो नव्हता, गटाराचं नाव कुणी काढलं नाही. अक्का गुडघाभर पाण्यातून साडी खोचून, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून दुधाच्या पिशव्या वाटत होत्या. मामा खिडकीतून म्हणाले, ‘बहुतांशी?’ अक्का खालून ओरडल्या, ‘मामा, आज काठी नको, दोर सोडा!’ दोराला बांधून दूध वर आलं. मामांनी नंतर कुणालाही न विचारता ‘बहुतांशी’वरचा आपला हक्क सोडल्याचं जाहीर केलं. अर्थात पाणी ओसरल्यावर काठी पुन्हा निघाली. ये रे माझ्या मागल्या.

चेन्नई महापालिका १६८८ सालची, देशातली सगळ्यात जुनी. तेव्हा इथून खाली जिंजीच्या किल्ल्यावर मराठ्यांचं ठाणं होतं. पहिल्या सभागृहात एक महापौर, १२ आल्डरमन आणि ६० बर्जेस, असा थाट होता. मला मात्र नगरसेवक म्हटलं की पुण्यातले एक आठवतात. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. त्या लिटनच्या जागी जो आला तो रिपन. १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव त्यानं केला आणि म्हणून इथली ती पांढरी इमारत त्याच्या नावाची. स्वागताचा खर्च नाकारला गेला असता तर लिटनचं काही बिघडलं नसतं. रिपनचं तर स्वागत झालं की नाही, हे आज कुणी विचारतही नाही.

आता पुण्यालाही नगरसेवक मिळाले. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि भावाचा फोन आला. आवाजात लग्नघरचा उत्साह. त्यांच्याकडे एका प्रभागाला चार-चार नगरसेवक. आमच्याकडे वॉर्डाला एकच. मी हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना आधी माझ्या तमिळचा संशय आला. बोटं दाखवून खात्री केल्यावर त्यांनी विचारलं, ‘गटार चौघांत वाटलेलं असतं का?’ मी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, ‘नाही, गटार एकच, चौघांचंही.’ ‘आणि पत्रक?’ ‘पत्रकं चार.’

मामा बराच वेळ गप्प होते. एकाच गटारातला गाळ चार पत्रकांत चारदा निघाला, तर काठी कुठे टेकायला हवी, याचा त्यांच्या डोक्यात हिशोब चालला असावा. काल सकाळी मला जिन्यात थांबवून त्यांनी पुण्याला थेट गाडी कुठली ते विचारलं, आणि स्लीपरच्या डब्यात पाच फुटी काठी नेऊ देतात का, तेही.